पन्नाशीतला परीक्षार्थी

"आयकलं का बाई? तिकडल्या घरचे गुरुजी परीक्षेला बसून राहिले म्हने!" कुंपणावर लुगडं वाळत घालता घालता काकूंनी बातमी फोडली. "डोस्क्यावरचे केस गेले, अन् आता रातच्या बारापर्यंत लाइट जाळतेत. पोरगा बारावीचा अभ्यास करते, बाप टीईटीचा. एका टेबलावर दोघं!"

चामोर्शीत गडचिरोलीचा पेपर सकाळी येतो. काकू त्याच्याही आधी येतात.

मी म्हटलं, "काकू, हौसेनं नाही बसत ते. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. पहिली ते आठवीला शिकवणारे, ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी बाकी आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर नोकरीवर पाणी. पाचाच्या आत असतील त्यांना निवृत्तीपर्यंत ठेवतील, पण परीक्षेशिवाय बढती नाही."

"पास व्हाले किती लागते?"

"दीडशेपैकी नव्वद. राखीव गटाला थोडी सूट."

"हव का?" काकूंचे डोळे चमकले. "माह्या नातवाले गनितात कमी पडले तं हेच गुरुजी कपाळाले हात लावत होते. लागू दे आता त्यायच्या बी कपाळाले हात!"

तेवढ्यात गुरुजींच्या घरच्या वहिनी सूप घेऊन अंगणात आल्या. काकूंनी आवाज जरा खाली केला, विषय मात्र सोडला नाही. वहिनींनी सगळं ऐकलेलंच होतं.

"हसा काकू, हसा," त्या तांदूळ पाखडत म्हणाल्या. "परीक्षा तर आता आली. आधीचं विचारा की! नोकरीला बारा वर्षं झाली की वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण, चोवीस झाली की निवड श्रेणीचं. मधे निष्ठा प्रशिक्षण झालं, दीक्षा अॅपवरचे कोर्स झाले. नवीन शैक्षणिक धोरण म्हणते, दरवर्षी ५० तास तरी मास्तरानं शिकलंच पाहिजे. लॉकडाऊनच्या काळात तर कोणी मोबाइलवर व्हिडिओ लावून द्यायचे अन् इकडे भाजी चिरायचे."

"कोन?" काकू.

"आमच्या घरचे नाही," वहिनी म्हणाल्या, जरा जास्तच लवकर.

काकूंचा खरा राग वेगळाच होता. "मास्तर शिकाले गेला तं आमच्या पोट्ट्यायले कोन शिकवते? आज ट्रेनिंग, उद्या शिक्षन परिषद, परवा मतदार यादी, मंग निरक्षर मोजाले दारोदार."

त्यात खोटं काही नाही. शिक्षण हक्काच्या कायद्यानं शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामांतून मोकळं केलं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन दारं उघडी ठेवली. आमच्याकडे त्यातली एखादी तरी कायम उघडीच असते. शिवाय दोन शिक्षकी शाळेतला एक प्रशिक्षणाला गेला की उरलेल्याच्या माथी सगळे वर्ग.

"पण सगळंच वाया जात नाही काकू," वहिनी म्हणाल्या. "मागं आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत एका गुरुजींनी पायली आणली होती. टोपलीभर धान अन् वजनकाटा. पोरांनी आधी फळ्यावर अंदाज लिहायचा, एक पायली धान किती किलो भरते, मग मोजायचं. वाळल्या धानाचं वेगळं, ओल्याचं वेगळं. आमच्या घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी वर्गात केलं. अन् सगळ्यात जवळचा अंदाज कोणाचा निघाला माहीत आहे?"

"कोनाचा?"

"तुमच्या नातवाचा. बापासोबत धान विकायला जाते न तो!"

काकूंच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. ही बातमी त्यांच्या घरातली, आणि त्यांना ती कुंपणावर कळत होती.

मला वाटतं, गुरुजींचं अर्धं शिक्षण डायटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, होतं आणि अर्धं गावात. आपल्या तालुक्यात घोटकडे बंगाली वस्त्या, जिल्ह्यात आणखी पुढं गेलं की गोंडी, माडिया, तेलुगू. मोहाच्या दिवसांत पोरं पहाटेच फुलं वेचायला जंगलात, रोवणीच्या दिवसांत धाकटी भावंडं सांभाळायला घरी. हे कुठल्या अॅपवर कळणार? आपल्याच जिल्ह्यात बघा, पार तेलंगणाच्या सीमेवर सिरोंचा तालुक्यातल्या आसरअल्लीच्या शाळेतले खुर्शीद शेख, त्यांना २०२१ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीचे मंतय्या बेडके, त्यांना २०२४ चा. दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेतले, दोघंही पुण्या-मुंबईपासून कोसो दूर.

काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पुरस्कार त्यायच्या घरी गेला. माह्या नातवाले वाचता येते का, ते सांग."

प्रश्न रोखठोक आहे, आणि प्रशिक्षण खरं तपासायचं असेल तर याच मापानं तपासावं. किती तास भरले हे कागदावर असतं. सोमवारी वर्गात काय बदललं, हे पोरांना विचारावं लागतं.

मी काकूंना विचारलं, "तुमची सून शाळा व्यवस्थापन समितीवर आहे ना? मागच्या सभेत तिनं हे विचारलं का?"

काकू लुगड्याची घडी नीट करू लागल्या. "सभा कुठं झाली? रजिस्टर घरी आलं होतं. सही केली तिनं."

वहिनी सुपात बघून हसल्या. काकूही हसल्या, पण उशिरानं.

खरी गोष्ट इथंच अडते. त्या समितीत कायद्यानं पाऊणहून कमी पालक चालत नाहीत आणि निम्म्या बायका लागतात. गावाला शाळेत घुसायला एवढं मोठं दार सरकारनं करून दिलंय, आणि आपण उंबऱ्यावर बसून सह्या करतो. मग गुरुजी गावात मिसळत नाहीत, असं म्हणायला आपल्याला तोंड कुठं उरतं? मोहाच्या दिवसांत शाळेची वेळ काय असावी, कोणत्या पोराला अजून वाचता येत नाही, प्रशिक्षणाच्या दिवशी वर्ग कोण बघणार, हे सगळं त्या सभेत ठरवता येतं. मास्तरानं शिकावं असं वाटत असेल, तर त्याला शिकवणारं माणूस समोर बसलेलं हवं.

गुरुजी पास होतील की नाही, ते निकाल सांगेल. पण बायांनो, पुढच्या वेळी समितीचं रजिस्टर घरी आलं तर पेन हातात घेऊ नका. सभा शाळेत ठेवा म्हणावं, आम्ही येतो.