वाळवणाचं बारसं

कॉफीचं फळ न सोलता, आख्खंच उन्हात वाळवलं की त्याला ‘नॅचरल प्रोसेस’ म्हणतात. पाणी कमी, ऊन भरपूर, भाव चढा. आंध्रच्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी २०१७ साली पॅरिसच्या दुकानात पोहोचली, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे.

त्याच २०१९ मध्ये आमच्या कलबुर्गीच्या तूरडाळीलाही मानांकन मिळालं. बिदर-कलबुर्गीकडे तूरही उन्हातच वाळते. पण कॉफी चाखणाऱ्यांसारखा वरणाचा चमचाभर घोट सुर्र करून ओढत ‘फणसाचा गंध, मधाची चव’ शोधायला कोणी आलं नाही. चूक आमचीच. आम्ही उन्हातल्या या सुकवण्याला साधं ‘वाळवण’ म्हणत राहिलो. उद्यापासून नाव बदलतो. अडत्याला तेवढं सांगा, भावही बदल म्हणावं.