कोटेशन

शाळेतलं नाव आता रेशनकार्डावर तेवढं उरलंय. बाकी सगळं तासगाव त्याला ‘कोटेशन’ म्हणतं. आईसुद्धा कधीकधी. वय तिशीला टेकलेलं, अंगावर विरलेला टी-शर्ट आणि मोबाईलमध्ये एक शीट. शीटमध्ये उभ्या ओळीत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. समोर सांगलीचा भाव, पुण्याचा भाव, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भाव आणि ऑनलाईनचा भाव. तळाला बेरीज. बेरीज पन्नास हजारांच्या वर गेली की आकडा तांबडा होतो. गेली कित्येक वर्षं तो तांबडाच आहे.

पन्नासचा आकडा अण्णांचा, म्हणजे त्याच्या बापाचा. एका वर्षी बाग चांगली गेली, बेदाण्याला भाव मिळाला, तेव्हा अण्णा जेवता जेवता बोलून गेले होते, “घे बाबा तुझं ते गेमाचं मशीन. पन्नास. टीव्ही धरून.” टीव्ही म्हणजे मॉनिटर. त्या ‘टीव्ही धरून’नं पोराच्या आयुष्याची वाट लावली. मॉनिटर धरला तर कार्ड बसत नाही, कार्ड धरलं तर मॉनिटर बसत नाही, आणि दोन्ही धरलं तर कॅबिनेटऐवजी खोकं वापरावं लागतं. खोक्याचाही हिशेब त्यानं करून बघितलाय. हवा खेळत नाही म्हणून बाद केला.

स्वतःचं मशीन नसलं तरी गावातल्या निम्म्या पोरांची मशीनं त्यानंच जुळवलीत. गणपती मंदिराच्या गोपुराजवळ संध्याकाळी गाठायचं. माझ्या पोराला घेऊन मी गेलो तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. पोरालाच विचारलं, “गेम कुठली?”

“व्हॅलोरंट. आणि जीटीए.”

“बजेट?”

“चाळीस.”

“लायटिंग पायजे?”

पोरगं हरखून ‘हो’ म्हणालं आणि तिथंच पडलं. “लायटिंग गणपतीत मंडपाला करत्यात,” कोटेशन म्हणाला. “रंगीत पंख्यानं एक फ्रेम वाढत न्हाई. त्या पैशात रॅमची दुसरी कांडी येती. आठच्या दोन घ्यायच्या, सोळाची एक न्हाई. ड्युअल चॅनेल.” पोरगं गप्प. मला ड्युअल चॅनेल कळलं नाही, पण मीही मान हलवली. त्याच्यापुढं सगळेच हलवतात.

त्याच्या तोंडी कायमचा शब्द ‘बॉटलनेक’. प्रोसेसर दुबळा आणि कार्ड दांडगं असलं की कार्ड नुसतं वाट बघत बसतं, उलट असलं तरी पैसे पाण्यात. हे तो अण्णांना वर्षभर समजावत होता. शेवटी एकदा विहिरीवर अण्णांनीच त्याला गप्प केलं, “म्हंजे साडेसात एचपीची मोटर आन् दीड इंची पाईप. एवढंच न्हवं? मग सरळ सांग की.” त्यानं सरळ सांगितलं नाही. सरळ सांगितलं की सल्ल्याचं वजन जातं.

एका बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूचा आहे. एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, तो कुणाला कंजुशी करू देत नाही. पोरं कार्डावर जीव टाकतात आणि कॅबिनेटसोबत आलेला, वर पाचशे वॅट लिहिलेला बिननावाचा डबा चालवून घेतात. कोटेशन तो डबा हातात तोलतो, “हलका हाय,” म्हणतो आणि परत करायला लावतो. आमच्याकडं रात्री शेतीची लाईट आली की शिवारातल्या मोटरी एका दमात सुरू होतात, घरातला बल्ब मान टाकतो, मग एकदम डोळे वटारतो. त्यात हलका डबा जळाला तर एकटा जात नाही, बोर्डाला आणि कार्डालाही घेऊन जातो. हे सांगताना त्याचा आवाज खरोखर कातर होतो.

त्याचं न ऐकणाऱ्यांचे किस्से त्याला तोंडपाठ आहेत. मावसभावानं परस्पर आय-थ्री १२१००एफ घेतला. चार कोर, आठ थ्रेड, गरिबाचा वाली म्हणावा असा प्रोसेसर. पण मागच्या ‘एफ’चा अर्थ असा की यात चित्र दाखवायची सोयच नाही, कार्ड वेगळं पाहिजे. भावानं ठरवलं होतं, कार्ड दिवाळीला घेऊ. मशीन चालू केलं, पंखा फिरला, पडदा काळाच. केबल बदलली, मॉनिटर शेजारच्याचा आणून लावला, देवाला नारळ बोलला. कोटेशन आला, खोक्यावरच्या ‘एफ’वर बोट ठेवलं आणि चहा न घेता निघून गेला. चहा न घेता जाणं म्हणजे आमच्याकडं बोलण्यापेक्षा वाईट.

आता तो स्वतः का घेत नाही, हे सांगायला हवं. तो भाव पडायची वाट बघतोय. २०२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी कार्डं पळवली, दुकानात भाव दुप्पट झाले. तेव्हा थांबणं शहाणपणाचं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि जुनी कार्डं ढिगानं बाजारात आली. कोटेशन कोल्हापूरला गेला. एका घरात आरएक्स ५८० मांडलेली, एक-दोन नव्हे, कपाटभर. त्यानं एक कार्ड उचललं, स्क्रूचे आटे झिजलेत का बघितलं, मेमरीच्या चिपांभोवती पॅडचं तेल सुटलंय का बघितलं, मग नाकाला लावलं. “रात्रंदिवस राबवलंय,” म्हणाला आणि एसटीनं परत आला. २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० आलं, म्हणून ३०६० अजून उतरेल या आशेवर थांबला. मग सॉकेटचा प्रश्न निघाला. एएमडीचं एएम-फोर सॉकेट २०१६ चं. “मेलेल्या सॉकेटवर पैसा घालायचा न्हाई,” असं तो म्हणाला आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनं त्याच सॉकेटवर आणखी नवे प्रोसेसर काढले. त्या दिवशी तो जेवला नाही, असं आई सांगते.

तिकडं अण्णांचंही असंच. बेदाणा तयार झाला की कोल्डस्टोरेजला. आज सौद्याला काढू, उद्या काढू, दिवाळीला भाव येईल. एकाच घरात बाप भाव चढायची वाट बघतोय आणि पोरगा पडायची. दोघंही एकमेकांना हावरट म्हणतात.

त्याला गेम खेळताना मात्र मी बघितलेलं नाही. माझ्या पोराचं मशीन जुळवून झालं तेव्हा पोरानं जीटीए लावली. गाड्या उडतायत, पोलिस मागं लागलेत, गोळ्या सुटतायत. कोटेशनची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या हिरव्या आकड्यांवर. “अष्ट्याहत्तर डिग्री,” तो पुटपुटला. “एक्झॉस्ट उलटा बसलाय.” पोराच्या गाडीनं तेवढ्यात तीन माणसं चिरडली. कोटेशन पंख्याचे स्क्रू काढत होता. मी विचारलं, “तू कुठली खेळतोस रं?” तर म्हणाला, “मशीन आलं की बघू.” घरी त्याच्याकडं पतसंस्थेच्या लिलावातला जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर तो भाव बघतो.

आणि मग २०२५ च्या शेवटी रॅमचं झालं. एआयच्या डेटा सेंटरांसाठी चिप कंपन्यांनी सगळा माल तिकडं वळवला, तुमच्याआमच्या कांड्यांचे भाव काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. डिसेंबरात मायक्रॉननं आपला किरकोळीतला क्रूशियल ब्रँड बंद करणार असल्याचं जाहीर केलं. शीटमधला आकडा इतका तांबडा झाला की कोटेशननं शीटच बंद केली. पण गावातली पोरं त्याच्याकडं यायची थांबली नाहीत, फक्त प्रश्न बदलला. दादा, तुम्ही तेव्हा घ्यायला लावलेल्या दोन कांड्या आहेत, एक विकली तर किती येतील?

माझंही पोरगं गेलं. मी मागोमाग. कोटेशन सोप्यात बसला होता, अण्णा शेजारी तंबाखू मळत होते. त्यानं पोराचं सगळं ऐकून घेतलं, मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “आत्ता इकू नकोस. अजून चढंल.”

अण्णांचा हात थांबला. “मग ठेवायची का रं कोल्डस्टोरेजला?”

कोटेशननं क्षणभर विचार केला. “थंडीचं काय न्हाई,” तो म्हणाला. “पण तितं दमटपणा असतो. पिना खराब व्हतील.”