एक किलोचा तंगूस

तुटण्याची हमी असलेली वस्तू मी आयुष्यात एकदाच विकत घेतली, आणि तीही साध्या वस्तूच्या चौपट पैसे मोजून. ती वस्तू म्हणजे तंगूस, गरीला बांधायचा नायलॉनचा दोरा. मालवणच्या बाजारात तंगूस मिळतो तो तुटू नये म्हणून. माझा मात्र एक किलोच्या ओढीला तुटलाच पाहिजे असा होता. चुकून जास्त टिकला तर कंपनीची अब्रू जाणार.

गणपतीला डोंबिवलीहून देवबागला आलो तेव्हा तो मी तात्यांना दाखवला. तात्या माझे सख्खे चुलते. वयाची पंचाहत्तरी उलटलेली, आणि त्यातली साठेक वर्षं समुद्राच्या नाहीतर कर्ली नदीच्या पाण्यात उभं राहून गेलेली.

"एक किलो? एवढोसो तर दिसता," तात्या म्हणाले.

"वजन नाय तात्यानू. एक किलोक तुटता."

तात्यांनी रीळ उलटंपालटं करून पाहिलं आणि मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मगे परत दी तेका. फसवल्यान तुका."

आता हे तात्यांना कसं समजावायचं? मासेमारीच्या जगात एक चित्रगुप्त आहे. त्याचं नाव इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन, जन्म 1939, मुक्काम अमेरिका. गळानं धरलेल्या माशांच्या जागतिक विक्रमांची वही तो ठेवतो. त्या वहीत मासा किती मोठा एवढंच लिहीत नाहीत, तो किती नाजूक दोऱ्यावर धरला तेही लिहितात. एक किलोचा दोरा, दोन किलोचा, चारचा, असं करत साठ किलोपर्यंत वर्ग आहेत. दोरा जितका मरतुकडा तितका मान मोठा. दोऱ्याच्या ताकदीच्या पाचपट वजनाचा मासा धरला तर एक मान, दहापटीला त्याहून मोठा, आणि वीसपटीपर्यंत हे चढत जातं. मी हिशेब मांडला. एक किलोचा दोरा, पाच किलोचा मासा. देवबागच्या संगमावर पाच किलोचा मासा म्हणजे काही पुराणातली गोष्ट नाही. डोंबिवलीत बसून हे गणित फार सोपं वाटतं.

तात्यांना उत्साह यावा म्हणून मी त्या वहीतला एक विक्रम वाचून दाखवला. आपली इसवण, म्हणजे मुंबईकरांची सुरमई, दक्षिण आफ्रिकेत स्कॉटबर्गला 1982 साली गळावर धरली गेली. वजन 99 पौंड, म्हणजे जवळजवळ 45 किलो.

तात्या पहिल्यांदाच सरसावून बसले. "तुकडे किती झाले?"

वहीत तुकड्यांचा रकाना नाही. तात्यांचा चित्रगुप्तावरचा विश्वास तिथेच उडाला.

या खेळाचं मूळ कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर आहे. तिथे येणारे हौशी लोक होडीला जाड दोऱ्या बांधून ढिगानं मासे ओढत आणि वाया घालवत. चार्ल्स होल्डर नावाच्या गृहस्थांना ते पाहवेना. त्यांनी 1898 साली 183 पौंडांचा ट्यूना दांडी आणि रीळ वापरून धरला, आणि त्याच वर्षी ट्यूना क्लब काढला. माशालाही सुटायची संधी हवी, हा त्या क्लबचा धर्म. तो मला अजूनही पटतो. रात्री अंगणातून समुद्राकडे पाहिलं आणि लांबवर एलईडीचे दिवे दिसले की फारच पटतो. त्या दिव्यांवर 2017 पासून केंद्राची बंदी आहे, आणि दिवे चांगले लखलखीत आहेत.

पण या धर्माचे नियम कडक. मासा लागल्यापासून हाती येईपर्यंत दांडीला, रिळाला आणि दोऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. दांडी होडीच्या काठावर टेकवायची नाही. शार्कनं वाटेत लचका तोडला तर मासा बाद. म्हणजे हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या सांतियागोला या वहीत जागाच नाही. पुलंनी 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणलेला तो म्हातारा हातानं दोरी ओढतो आणि शेवटी नुसता सांगाडा किनाऱ्याला लावतो. दोन्ही गुन्हे एकदमच. आणि गंमत अशी, की हेमिंग्वे स्वतः या संस्थेचे उपाध्यक्ष होते.

तात्यांना दांडी आणि रीळ हेच मुळात समजलं नाही. ते गरवतात ते हातानं. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि डोळे मिटून बसायचं. मासा नुसता हुंगून गेला तरी बोटाला कळतं. कुठला मासा, तेही बोट सांगतं. माझ्या जपानी रिळात नऊ बेअरिंगं आहेत. तात्यांच्या बोटात किती असतील, कुणी मोजलेली नाहीत.

पाच दिवसांचे गणपती पोचवले. चाकरमान्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय परिस्थिती असते ते कोकणाबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. श्रावण गेला, वर गणपतीचे पाच दिवस गेले. घरातल्या मांजरालासुद्धा ऋषीची भाजी खावी लागलेली. अशा घरात दुसऱ्या दिवशी पहाटे मी दांडी घेऊन निघालो तेव्हा काकीनं विचारलं, "आणतलंस मा काय तरी?" तो प्रश्न नव्हता, मागणी होती. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम, पलीकडे भोगवे. सुकती लागली होती आणि नदीचं गढूळ पाणी बाहेर पडत होतं. अशा पाण्याच्या कडेला चोणक दबा धरून असतो. रायगडात ज्याला जिताडा म्हणून जावयाच्या ताटात वाढतात आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून डोक्यावर घेतात, तोच हा. चोणक जन्माला नर म्हणून येतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे त्या सकाळी माझ्याशी जी झुंजली ती बहुधा बाई होती. हे मी घरी बोललो नाही.

तिसऱ्या फेकीला माझा प्लास्टिकचा मासा पाण्यात थबकला आणि रीळ किंचाळलं.

हलक्या सामानाची सगळी विद्या रिळाच्या ब्रेकमध्ये असते. एक किलोला तुटणाऱ्या दोऱ्यावर ब्रेक तीनशे ग्रॅमच्या आसपास लावायचा. मासा ओढ घेईल तेव्हा दोरा सुटत राहिला पाहिजे. पाण्यात माशाला वजन जवळजवळ नसतंच. दोरा तुटतो तो हिसक्यानं. म्हणून दांडी वाकवून ठेवायची, ओढ कायम ठेवायची, आणि मासा दमेपर्यंत आपण दमायचं नाही. पहिली दहा मिनिटं मी हे सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम केलं. किनाऱ्यावर मी एकटाच होतो. जागतिक विक्रमाला असाच एकांत लागतो.

तो देवबागेत मिळतो दहा मिनिटं.

आधी एक शाळकरी पोर आलं. मग रापणीचे दोघे. मग डॉल्फिन दाखवायला पर्यटक नेणारा होडीवाला, त्याच्या होडीतले कोल्हापूरचे सहा जण, आणि लुंगी सावरत खुद्द तात्या. "वड रे, वड!" "वडू नुको, तुटतलो!" "डावीकडं घ्या सायेब!" असे तीन पंथ तयार झाले. मी घामाघूम होऊन ओरडत होतो, "हात लावू नका! कोणी हात लावू नका!"

आता यात त्यांची काय चूक? हा किनारा रापणीचा. होडीनं जाळं पाण्यात घेर देऊन टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. चाळीस-पन्नास माणसं लागतात. जो दोराला हात लावील तो आपला, सहज आलेला असला तरी चार बांगडे त्याच्या हातात पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. पिढ्यान्‌पिढ्या इथे हाच कायदा. पाण्यातून काही ओढणारा माणूस दिसला आणि आपण हात लावला नाही, तर त्याला इथे माणुसकी म्हणत नाहीत. आणि मी नेमक्या त्याच वाळूत उभा राहून हात लावू नका म्हणून बोंबलत होतो. रापणीचा एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "चाकरमानी. एकट्याक खावूचा आसा."

पाऊण तासानं चोणक गुडघाभर पाण्यात आडवा झाला. चांदीसारखं अंग, तांबूस डोळा. माझे हात थरथरत होते. मागून लाट येत होती आणि लाटेबरोबर मासा परत फिरणार हे मला दिसत होतं. तात्यांनाही दिसलं. ते पुढे झाले, माझा तो एक किलोचा तंगूस तर्जनीवर घेतला, लाटेची गती बोटात जोखली आणि तिच्याच पाठीवरून माशाला अलगद वाळूवर आणून ठेवलं. तंगूस तुटला नाही. नऊ बेअरिंगांना जे पाऊण तास जमलं नाही ते एका बोटानं लाटेसरशी केलं. नियमाप्रमाणे त्याच क्षणी माझा विक्रम बाद झाला.

मी लबाडी करायची ठरवली. अर्जात तात्यांचं बोट लिहायचंच नाही. पण अर्जात साक्षीदारांची नावं विचारतात. किनाऱ्यावर ते दहा-अकरा होते, आणि त्यातला प्रत्येक जण फोनवर सांगत होता, "आमी चोणक धरलाव!"

शिवाय वजन. मासा जमिनीवर, वर्षाच्या आत तपासलेल्या काट्यावर जोखावा लागतो. तात्यांनी शेपटी धरून मासा उचलला आणि "साडेपाच" म्हणाले, पण तात्यांवर वैधमापन विभागाचा शिक्का नाही. मी स्कूटर काढली, मालवणचा बाजार गाठला आणि एका ओळखीच्या वाण्याला त्याच्या शिक्क्याच्या काट्यासकट देवबागला चल म्हटलं. तो म्हणाला, "ह्या काट्यार काल मोदकांचो गूळ जोखलंय. मासो ठेवू?"

परत आलो तेव्हा काकी हात धूत होती.

"काकी, वजन करूचा होता!"

"चौदा तुकडे झाले," काकी म्हणाली. "डोक्याचा सार वेगळा."

उरला पुरावा तंगुसाचा. चित्रगुप्त वापरलेल्या दोऱ्याचा तुकडा मागवून घेतो आणि तो खरंच वेळेवर तुटतो का ते यंत्रावर पाहतो. मी रीळ शोधायला पडवीत गेलो. परसात पडवळाच्या मांडवाखाली सात पडवळं ओळीनं लोंबत होती. सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला काकीनं दगड बांधलेला, आणि दगड बांधायला माझा तंगूस. त्यातला एक दगड चांगला किलोच्या वरचा होता. कंपनीला कळवावं की नाही, या विचारात मी आहे.

दुपारी तात्यांनी वाटे घातले. पोराला एक, रापणीवाल्यांना दोन-दोन, होडीवाल्याला एक, शेजारी दोन, बाकीचे घरात. कोल्हापूरकरांना सार पोचलं. माझ्या वाट्याला दोन तुकडे आले, एक माणसाचा आणि एक दांडीचा.