ड्रायव्हर पाहिजे

(जुना लॅपटॉप पुन्हा इंटरनेटला जोडण्याची मार्गदर्शिका. अगदी नवशिक्यांसाठी. भिवंडी आवृत्ती.)

साहित्य: दहा-पंधरा वर्षं जुना लॅपटॉप एक. चार्जर, शक्यतो त्याच लॅपटॉपचा. अँड्रॉइड फोन. यूएसबी केबल. पेनड्राइव्ह. कटिंग चहा, लागेल तसा. घरात भाचा असल्यास त्याला चार दिवस गावाला पाठवावे.

शेवटची सूचना गमतीत घेऊ नका. जुन्या लॅपटॉपचं इंटरनेट सहसा आपणहून जात नाही, कुणीतरी घालवतं. आमच्या कारखान्याच्या ऑफिसात, म्हणजे चोवीस माग जिथे खडखडतात त्या शेडच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेल्या खोलीत, २०१० साली घेतलेला लॅपटॉप आहे. टॅली त्यात, जुने हिशेब त्यात, प्रिंटर त्यालाच जोडलेला. जरा हळू चालतो एवढीच त्याच्याबद्दल तक्रार. भाचा म्हणाला, "मामा, फॉर्मेट मारतो, मक्खन होईल." दोन तासांत मक्खन झालं. डी ड्राइव्हला होते म्हणून हिशेब वाचले. विंडोज ७ कोरं करकरीत उघडलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात नेटच्या खुणेवर लाल फुली. भाचा म्हणाला, "येतो क्लासला जाऊन." तो अजून क्लासलाच आहे.

त्याच दिवशी दुपारी ग्रे कापडाचा ट्रक भरून उभा होता, राजस्थानात बालोतऱ्याला प्रोसेसिंगसाठी जायचा. पन्नास हजारांच्या वरचा माल परराज्यात पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागतं, आणि ई-वे बिलाला इंटरनेट लागतं. या पार्श्वभूमीवर पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

पायरी पहिली: काय हरवलंय ते ओळखा

हरवलाय तो ड्रायव्हर. हे वाक्य भिवंडीत मोठ्याने बोलू नये. मी फाटकापाशी उभा राहून फोनवर बोललो, "अहो, लॅपटॉपचा ड्रायव्हर गेलाय, कुठे मिळेल?" एवढं ऐकून शेजारच्या सायझिंगवाल्याने दोन नंबर दिले. एक माणकोलीचा होता, एक अंजूर फाट्याचा. दोघेही अनुभवी, हेवी लायसन असलेले. एकाने तर विचारलंही, "गाडी कोणती?"

प्रश्न चुकीचा नव्हता. लॅपटॉपच्या पोटात वायफायचं एक छोटं कार्ड असतं. ती गाडी. विंडोज म्हणजे शेठ. शेठला गाडी चालवता येत नाही. तो फक्त "माल पाठवा" म्हणतो. गाडी आणि शेठ यांच्या मधे बसून गिअर टाकणारा जो छोटा प्रोग्राम, तो ड्रायव्हर. फॉर्मेट मारल्यावर गाडी जागेवर राहते, शेठ नवा येतो, आणि त्याला जुना ड्रायव्हर माहीत नसतो. नव्या शेठबरोबर थोडे ओळखीचे ड्रायव्हर येतात, पण तुमची गाडी चालवणारा त्यांत नसतो. भिवंडीत वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर करत गोदामांच्या रांगा लागल्यात, त्यामुळे ड्रायव्हरविना उभी गाडी म्हणजे काय हे इथे कुणाला समजावावं लागत नाही. फक्त आपण लॅपटॉपबद्दल बोलतोय एवढं समजवावं लागतं.

पायरी दुसरी (ही खरं तर पहिलीच्या आधी करायची होती)

लॅपटॉपच्या कडेला वायफायचं बारीकसं बटण आहे का ते पाहा. जुन्या लॅपटॉपना असायचं. ते कडेने सरकतं, आणि बॅगेत भरताना हमखास बंद होतं. काहींना ते एफ-दोन, एफ-बारा अशा एखाद्या बटणावर असतं, एफएन दाबून धरायचं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ याच बटणापायी लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ते फक्त पाटीवर आणि पोस्टमनच्या तोंडी. भिवंडीहून तिथे जायचं तर आधी ठाणे किंवा कल्याण गाठा, कारण भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे, आणि तिथल्या गाडीची वाट पाहण्यापेक्षा बटण शोधणं लवकर होतं. त्या गृहस्थांचं बटण दुकानदाराने नखाने सरकवलं आणि पैसे घेतले नाहीत. ते त्यांना जास्त लागलं.

याच पायरीत घड्याळही बघून घ्या. लॅपटॉपमध्ये तारीख सांभाळणारी एक बटण-बॅटरी असते. दहा-बारा वर्षांत ती बसते. मग चार्जर काढला की लॅपटॉप आपल्या बालपणात जातो. आमचा १ जानेवारी २००९ ला गेला होता, म्हणजे स्वतःच्या खरेदीच्याही आधी. हसू नका, याचा इंटरनेटशी थेट संबंध आहे. सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालणारं. तुमच्या घड्याळात २००९ असेल तर लॅपटॉपच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो साइट उघडू देत नाही. तारीख बरोबर करा. नाहीतर माणूस उगाच दोन दिवस वायरी बदलत बसतो.

पायरी तिसरी: सल्ले ऐकू नका

सल्ले तीन येतात. "रिस्टार्ट करून बघा." करा, त्यात नुकसान नाही. "परत फॉर्मेट मारा." हे ज्याने सांगितलं त्याला चहा देऊ नका. "सेठ, नया ले लो." हा सल्ला कल्याण नाक्यापासून धामणकर नाक्यापर्यंत सगळीकडे फुकट मिळतो.

मला यातला दुसरा सल्ला कळत नाही, तो याच गावात कसा दिला जातो हे तर अजिबात नाही. मागावर तार तुटला तर कारागीर काय करतो? माग थांबवतो. बीमवरून आलेलं तुटकं टोक शोधतो, वहीतून, फणीतून बरोबर त्याच्याच घरातून ओढून घेतो, गाठ मारतो आणि माग सोडतो. हजारो तारांत एक तार, मिनिटभराचं काम. तार तुटला म्हणून अख्खा बीम उतरवून नवा चढवणारा कारागीर संध्याकाळपर्यंत कामावर राहणार नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं बरंचसं काम या गावाकडे आलं, आणि ते साध्या, धोट्याच्या मागांवर निघालं. जगात दुसरीकडे जे माग वस्तुसंग्रहालयात ठेवतील, ते इथे दोन पाळ्या चालतात. जुनं यंत्र चालतं ठेवणं हा इथला मुख्य धंदा, कापड त्यातून निघतं इतकंच. आणि लॅपटॉप समोर आला की हीच माणसं "फॉर्मेट मारा" म्हणतात.

पायरी चौथी: गाडीचा नंबर वाचा

'कॉम्प्युटर'वर उजवी क्लिक, 'मॅनेज', मग 'डिव्हाइस मॅनेजर'. यादीत एका ओळीवर पिवळं उद्गारचिन्ह दिसेल आणि नाव असेल 'नेटवर्क कंट्रोलर'. हाच आपला उभा ट्रक. त्यावर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डीटेल्स', आणि खाली उघडणाऱ्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. आता समोर जे येईल ते पाहून घाबरू नये. आरटीओच्या नंबरप्लेटसारखंच आहे. 'व्हीईएन' या अक्षरांपुढचे चार आकडे म्हणजे कार्ड बनवणारी कंपनी: ८०८६ असेल तर इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक. 'डीईव्ही'पुढचे चार म्हणजे मॉडेल. इंटेलचा ८०८६ हा योगायोग नाही. १९७८ साली त्यांनी याच नावाचा प्रोसेसर काढला होता. फॅन्सी नंबर घ्यायची हौस फक्त आपल्याकडेच असते असं नाही.

नंबर कागदावर लिहून घ्या. फोनने फोटो काढला तरी चालेल, पण शेडमध्ये खडखडाटाने टेबल हलतं आणि फोटोत ८ चा ३ होतो.

त्याच वेळी विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट हेही बघा, 'कॉम्प्युटर'च्या 'प्रॉपर्टीज'मध्ये लिहिलेलं असतं. टेम्पोच्या ड्रायव्हरला ट्रेलरवर बसवून उपयोग नाही.

पायरी पाचवी: विहिरीत उतरायला दोर, दोर विहिरीत

ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवर मिळतो. वेबसाइट उघडायला इंटरनेट लागतं. इंटरनेटला ड्रायव्हर लागतो. या ठिकाणी नवशिके रडतात. मी चहा मागवला.

यातून वाट फोनची. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज फोनलाच एक नेटवर्क कार्ड समजतं आणि त्यासाठीचा ड्रायव्हर त्याच्याकडे आधीपासून असतो. मी जोडलं. काही झालं नाही. 'यूएसबी टेदरिंग'चं बटण फिकट, दाबता येईना. केबल उलटी करून लावली, पोर्टात फुंकर मारली, त्यातून निघालेल्या तुसाची वात वळता आली असती. तरी नाही.

फाटकाबाहेरचा ट्रकचा ड्रायव्हर तोवर तिसरा चहा संपवून आत आला होता. खुर्चीमागे उभं राहून त्याने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सेठ, ये चार्जिंगवाली केबल है. डेटा नहीं जाता इसमें." स्वस्त केबलीत नुसत्या विजेच्या तारा असतात, माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. त्याने केबिनमधून आपली केबल आणली. ती जाडजूड होती, एका टोकाला काळी टेप गुंडाळलेली. तो त्याच केबलने लॅपटॉपवरून फोनमध्ये गाणी भरून घेतो, म्हणून त्याला फरक ठाऊक. जोडली, आणि लॅपटॉप "नवीन उपकरण सापडलं" असं काहीतरी बडबडला. लाल फुली गेली.

पायरी सहावी: लगेच पेढे वाटू नका

इंटरनेट आलं, वेबसाइट उघडेना. कोऱ्या विंडोज ७ बरोबर येतो इंटरनेट एक्सप्लोरर ८, आणि आजच्या वेबसाइट ज्या कुलपाची किल्ली मागतात ती त्याच्याकडे असली तरी खिशात बंद करून ठेवलेली असते. त्यापेक्षा ड्रायव्हर फोनवरच उतरवून घ्या आणि त्याच केबलने लॅपटॉपात टाका. उतरवताना एक पथ्य: ज्या साइटवर मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण आपणहून लुकलुकतं, ते बटण दाबू नका. लॅपटॉपच्या पोटावर चिकटवलेला मॉडेल नंबर वाचून त्याच कंपनीच्या पानावर जा. "तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणारे जे प्रोग्राम असतात, ते नाक्यावरच्या दलालासारखे. ड्रायव्हर देतील, पण बरोबर क्लीनर, क्लीनरचा मेहुणा आणि तीन जाहिराती गाडीत बसवतील.

फाइल झिप असेल तर आधी उलगडा. मग पिवळ्या उद्गारचिन्हावर परत जा, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', फोल्डर दाखवा. पट्टी सरकेल. थांबेल. परत सरकेल. या वेळात टेबलावर हात ठेवू नये.

वायफायचं जाळं दिसायला लागल्यावर आपलंच नाव यादीत नसेल तर राउटरला दोष देऊ नका. राउटर पाच गिगाहर्ट्झवर बोलत असेल आणि जुन्या कार्डाला फक्त २.४ ऐकू येत असेल. राउटरमधून २.४ सुरू करून घ्या. जोडलं गेलं पण आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक ठोकून दिला आहे. राउटर बंद करून चालू करा. आमच्या शेडमध्ये राउटरचा प्लगच दर आठवड्याला धक्क्यांनी ढिला होतो. तिथे कापडाची चिंधी खोचली आहे.

पायरी सातवी, जी कुणी सांगत नाही

मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा सांभाळ बंद केला. क्रोम २०२३ च्या सुरुवातीला, १०९ व्या आवृत्तीनंतर, हात वर करून मोकळा झाला. फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती त्यावर चालते, ती मी टाकली. तरीही अशा लॅपटॉपवर बँकेचं काम करू नका. हिशेब ठेवा, प्रिंट काढा. आम्ही करतो ते ई-वे बिलसुद्धा खरं तर फोनवरून होतं. हे मला त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही. ड्रायव्हरला माहीत होतं, पण त्याला वाटलं शेठ हौसेने करतोय.

बिल निघालं, प्रिंट निघाला, ट्रक संध्याकाळी साडेसातला सुटला आणि वंजारपट्टी नाक्यावर ट्रॅफिकमध्ये उभा राहिला, कारण तिथे सगळ्यांनाच उभं राहावं लागतं. वायफायच्या ड्रायव्हरची फाइल मी पेनड्राइव्हवर ठेवली, पेनड्राइव्ह सुताने खिळ्याला बांधला आणि वर चिठ्ठी लावली: 'भाच्याने हात लावू नये.'

पायरी आठवी: केबल परत देणे. ही राहिली आहे. त्याची खेप आली की देईन.