दुसऱ्याच्या धर्मातली सवलत

आमचे डॉक्टर मुसलमान आहेत, शेजारचे अण्णा जैन आहेत आणि माझी आई एकादशी करते. तिघांनाही शुगर आहे. सर्वधर्मसमभाव इतक्या काटेकोरपणे पाळणारा दुसरा आजार माझ्या पाहण्यात नाही.

मिरजेत याचं कुणाला नवल वाटत नाही. १८९४ साली वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी इथे हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं, आजारपण आणि गाणं. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. तिथे रात्र रात्र मैफल ऐकायची आणि सकाळी बसलेला घसा घेऊन दवाखान्यात जायचं, हा इथला जुना क्रम. घसा कुठल्या देवाच्या दारात बसला हे डॉक्टर विचारत नाहीत.

आमच्या डॉक्टरांचे वडीलही डॉक्टर होते. ते मोठे डॉक्टर, हे धाकटे. मोठे डॉक्टर जाऊन बराच काळ लोटला, धाकट्यांनी साठी ओलांडली, डोक्यावरचे केस गेले, पण धाकटेपण काही गेलं नाही. आई त्यांना अरे-तुरे करते, कारण तिने त्यांना चड्डीत पाहिलंय. ते तिला काकू म्हणतात आणि तिच्यापुढे आवाज चढवत नाहीत. डॉक्टर आणि पेशंट यांच्यात ही मोठीच अडचण असते. ज्याचं नाक आपण पुसलेलं आहे, त्याच्याकडून पथ्य ऐकून घेणं जड जातं.

दवाखान्याच्या भिंतीवर मक्केचं चित्र आहे आणि त्याच्या शेजारी कालनिर्णय. चित्र वडिलांनी लावलेलं, कालनिर्णय धंद्याची गरज म्हणून. मधुमेहाचे पेशंट सांभाळायचे तर डॉक्टरला पंचांग कळावंच लागतं. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र, पर्युषण, रमजान, यांतल्या कुठल्या दिवशी पेशंट खरोखर उपाशी आहे आणि कुठल्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त जेवून आलाय, हे समजल्याशिवाय गोळी ठरवता येत नाही. डॉक्टरांच्या लेखी उपासाचे दोनच पंथ आहेत, कोरडा आणि फराळी. कोरड्या उपासात ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली की साखर सत्तरच्या खाली घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात. फराळी उपासात साखर वरच्या मजल्यावर जाऊन बसते. आई फराळी पंथातली. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आमच्या घरी कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण ताट बघून आठवते.

त्या ताटाबद्दल माझ्या भाच्याने एकदा संशोधन मांडलं. साबुदाणा ज्या टॅपिओकापासून होतो तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आता सेलमच्या बाजूने येतो. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा, मिरची, रताळं, सगळी अमेरिका खंडातली मंडळी. म्हणजे पोर्तुगीज जहाजं इकडे आली नसती तर आजीला एकादशी दूध-केळ्यांवर काढावी लागली असती. आई म्हणाली, "पांडुरंगाला सगळं ठाऊक होतं, म्हणून त्याने त्यांना पाठवलं," आणि खिचडीवर ओलं खोबरं पेरलं. मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले, मग म्हणाले, "माझ्या तोंडून हे काकूंना ऐकवू नका. खिचडी सुटणार नाही, माझा पेशंट सुटेल."

यालाच मी तारतम्य म्हणतो. भाच्याला जे बोलता येतं ते डॉक्टरांना येत नाही, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग त्यांनी दुसरी वाट काढली. मोठ्या डॉक्टरांचे एक पेशंट कीर्तनकार होते. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट या घराण्यात औषधाच्या जुन्या वहीसारखी जपलेली आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी दिल्या आहेत. पाणी, मुळं, फळं, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. डॉक्टर आईला म्हणाले, "काकू, औषधाने व्रत मोडत नाही, असं तुमचं शास्त्रच सांगतं. मग एकादशीला गोळी का चुकवता? आणि गोळी घ्यायची तर पोटात खिचडीऐवजी भाकरी नको का?"

आईने यादी पुन्हा एकदा म्हणायला लावली. शांतपणे ऐकली. मग म्हणाली, "त्यात मुळंही आहेत ना? म्हणजे रताळं चालतं."

गोळी सुरू झाली, रताळं राहिलं. पण आई ऐकलेलं विसरत नाही. पुढच्या रमजानमध्ये ती दवाखान्यात गेली ती तयारीने. माहिती खुद्द डॉक्टरांच्या बायकोने पुरवलेली होती. खुर्चीवर टेकता टेकता तिने विचारलं, "आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा माफ आहे ना रे तुमच्यात?"

"आहे, काकू."

"पुढे बरं वाटल्यावर भरून काढता येतो. तेही जमणार नसेल तर गरिबाला जेवू घालायचं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुला शुगर आहे."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप उगीचच गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "आहे. पण मी संध्याकाळचा डोस इफ्तारला घेतो, दुपारी बोट टोचून साखर बघतो. बोट टोचल्याने रोजा तुटत नाही. सत्तरच्या खाली गेली तर लगेच सोडायचा असं ठरलेलं आहे. माझ्या डॉक्टरांची परवानगी आहे."

"कोण तुझे डॉक्टर?"

"मीच."

"मग माझा गुरूही मीच," आई म्हणाली. "गुरूचा शब्द आहे त्या यादीत."

हा सामना बरोबरीत सुटला असं बाहेर बसलेल्या पेशंटांचं मत पडलं. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट दिसली. माणूस स्वतःच्या धर्मात सक्तीचे नियम शोधतो आणि दुसऱ्याच्या धर्मात सवलती. एरवी हा ढोंगीपणा ठरेल. दवाखान्यात तो उपयोगी पडतो. डॉक्टरांनी आईला कुराणातली सवलत दाखवली असती तर तिने कानांवर हात ठेवले असते, आणि आईने डॉक्टरांना उद्योगपर्व ऐकवलं असतं तर ते अदबीने हसून गप्प बसले असते. दोघांनीही समोरच्याचीच पोथी उघडली. समोरच्याच्या पोथीत शिरताना माणूस जोडे बाहेर काढतो, हा त्यातला फायदा.

हे न कळणाराही एक जण आमच्या घरात आहे, माझा पुण्याचा आतेभाऊ. तो बुद्धिवादी आहे आणि ते तो पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मिरजेत आला असताना त्याचं डोकं दुखायला लागलं म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेलं. महिना रमजानचा. त्याने थेट विचारलं, "तुम्ही विज्ञान शिकलेले, मग दिवसभर पाण्याशिवाय राहणं तुम्हाला पटतं कसं?" डॉक्टरांनी उत्तर न देता त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि ब्लडप्रेशर घेतलं. मग पुन्हा घेतलं. आकडा सांगितला. बुद्धिवाद तिथेच स्थगित झाला, आणि आता तो मीठ कमी खातो, कुठल्याही धर्माच्या आधाराशिवाय.

सगळंच असं हसण्यावारी नेता येत नाही, हेही खरं. आजोबांना मोठे डॉक्टर इन्शुलिन द्यायचे. त्या काळी ते गाईबैलांच्या नाहीतर डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. जिवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्शुलिनला पहिली मान्यता मिळाली ती १९८२ साली. आजोबा सोवळ्यातले. फ्रीज नव्हता, म्हणून ती बाटली माठाच्या गारव्याला ठेवलेली, आणि त्याच माठाला आम्ही पोरांनी हात लावलेला त्यांना चालत नसे. बाटलीत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं नाही. गंमत म्हणजे त्या बाटलीत एकाला गाय अडचणीची होती आणि दुसऱ्याला डुक्कर. आजच्या हिशेबाने पेशंटला हे सांगायलाच हवं, असं माझं मत आहे. पण आजोबांनी न विचारण्यातही एक हिशेब होता, असा मला दाट संशय आहे. भटजींना विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

अण्णा विचारतात. अण्णा चष्मा लावून औषधाच्या पाकिटावरचं सगळं वाचतात. एकदा कॅप्सूल तळहातावर घेऊन ते डॉक्टरांसमोर उभे राहिले. वरचं टरफल जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं. डॉक्टर म्हणाले, "बसा अण्णा. हा प्रश्न मला तुमच्या आधीपासून पडलेला आहे." खरंच होतं ते. एवढ्याशा टरफलात जैनाला सगळीच जनावरं खुपतात, मुसलमानाला डुक्कर आणि आईला गाय. एका घोटात तिघांना दुखावण्याची इतकी आटोपशीर सोय कुणी मुद्दाम केली नसेल. डॉक्टरांनी तेच औषध साध्या गोळीत लिहून दिलं. वनस्पतीच्या सेल्युलोजची कॅप्सूलही मिळते, ती मागायची कशी हेही सांगितलं. धर्माचा शब्द दोघांनीही काढला नाही.

पण अण्णांची खरी पंचाईत सूर्याशी आहे. सूर्यास्तानंतर ते पाणीसुद्धा घेत नाहीत. चिठ्ठीवर मात्र 'रात्री जेवणानंतर' असं असतं. डॉक्टरांनी ते खोडून 'सूर्यास्तापूर्वी' असं लिहिलं. रमजानमध्ये त्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी थांबा, म्हणजे काय बहार असते ते कळेल. अण्णा शेजारच्या हॉटेलात न जाता घरचा डबा तिथेच बाकावर उरकत असतात, नजर घड्याळावर. आत डॉक्टर बशीत खजूर मांडून बसलेले, नजर त्याच घड्याळावर. अण्णा घाईघाईने गोळी गिळून पाण्याचा शेवटचा घोट घेतात, पेला पालथा घालतात, आणि अजान होते. एकाचं तोंड बंद व्हायला आणि दुसऱ्याचं उघडायला तोच सूर्य. कंपाउंडर मध्ये उभा असतो, लिंगायत आहे, तो दोन्हीकडचं खातो.

आता आषाढीचं. आषाढी एकादशी २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आली, आणि दोन्ही वर्षी त्याच दिवशी बकरी ईद. चंद्रकोर साधारण द्वितीयेला दिसते, तिथून दहावा दिवस मोजला की एकादशीच्या आसपास येतो. मग अधिक श्रावणाने आमचं पंचांग महिनाभर थांबवलं, त्यांचं पुढे सरकलं, आणि २०२४ व २०२५ च्या आषाढीला मोहरमची दहावी, आशुरा आली. २०२३ मध्ये आषाढीचा मान राखून त्या दिवशी कुर्बानी करायची नाही, असं राज्यातल्या अनेक गावांतल्या मुसलमानांनी ठरवलं. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही करता येते. आईने ही बातमी पेपरात वाचली आणि काही न बोलता डॉक्टरांकडे खिचडीचा डबा पाठवला. डॉक्टरांनी ती भरपेट खाल्ली, दोन तासांनी स्वतःची साखर बघितली आणि संध्याकाळी यंत्र घेऊन थेट आमच्या घरी आले. "काकू, बघा. दोनशे साठ. फक्त तुमच्या खिचडीने."

आईने चष्मा लावून आकडा बघितला. "तुला सवय नाही रे," ती म्हणाली.

आशुराला डॉक्टरांचाही रोजा असतो. त्यामुळे २०२४ च्या आषाढीला दोघंही उपाशी, एक पाण्याच्या थेंबाशिवाय आणि एक वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याच्या लाडवासह. डॉक्टर त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. फक्त पुढच्या आठवड्यात एचबीए१सीची तपासणी लिहून दिली.

तेव्हा तुमचे डॉक्टर कुठल्याही धर्माचे असोत, उपास धरण्याआधी त्यांना सांगा. गोळी कमी करायची, वेळ बदलायची की बंद ठेवायची, ते त्यांना ठरवू द्या. आणि सांगताना ताटात काय काय होतं तेही सांगून टाका. लपवण्यात अर्थ नाही, तीन महिन्यांची सरासरी त्या एका आकड्यात येतेच. आईची आली. आठ पूर्णांक चार. तिने तो कागद देवघरात ठेवलाय.