कचऱ्याचे निर्णयसिंधू

पुण्यातील कोणत्याही मोठ्या गृहसंस्थेच्या फाटकातून सकाळी पावणेसातच्या सुमारास आत शिरणाऱ्या परक्या माणसाला, वाहनतळाच्या कोपऱ्यात ओळीने मांडलेल्या पिंपांपाशी, अर्ध्या बाह्यांचा सदरा, गुडघ्याखाली उतरलेली पण घोट्यापर्यंत न पोचलेली विजार आणि नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा अशा वेषात, मोडक्या छत्रीची काडी हाती घेऊन उभा असलेला एक सद्गृहस्थ दिसला, तर त्याने त्यास पहारेकरी समजू नये, आणि संस्थेचा अध्यक्ष तर मुळीच समजू नये. अध्यक्ष निवडून आलेला असतो आणि म्हणून पडण्याची धास्ती त्याला असते; या गृहस्थास कोणीच निवडून दिलेले नसल्यामुळे त्यास काढण्याची तजवीज कोणत्याही उपविधीत नाही.

एके काळी आपल्याकडे प्रत्येक आळीत असा एक माणूस असे. एकादशी स्मार्तांची केव्हा आणि भागवतांची केव्हा, परगावी वारलेल्या चुलत आजोबांचे सुतक किती दिवसांचे, ग्रहणाच्या वेधात सापडलेली मुरांब्याची बरणी तुळशीपत्राने वाचते की नाही, या प्रश्नांचा निकाल त्याच्या ओसरीवर लागे. कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीस ‘निर्णयसिंधू’ रचला आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली ‘धर्मसिंधू’ सिद्ध केला, तो याच माणसाच्या खटपटीला आधार म्हणून, असे मला नेहमी वाटत आले आहे. पुढे काळ पालटला, सुतक तीन दिवसांवर आले, वेध विस्मरणात गेले, आणि शास्त्रार्थ करण्याची हौस रक्तात जशीच्या तशी राहून त्यासाठी विषय मात्र उरेना. अशा बिकट समयी केंद्र सरकारने २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम काढले, ते अपुरे वाटून ८ एप्रिल २०१६ रोजी नवे काढले, आणि ओला, सुका व घरगुती घातक अशी त्रिविध सृष्टी प्रत्येक कुटुंबाच्या ओट्याखाली निर्माण केली. दारातून हद्दपार झालेले सोवळेओवळे बादलीच्या वाटेने घरात परतले, आणि निर्णयसिंधूंना पुन्हा आसन मिळाले.

आमच्या कोथरूडच्या संस्थेत या गादीवर जे विराजमान आहेत, ते सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात दुसऱ्यांच्या दफ्तरातील चुका हुडकण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांची दृष्टी साहजिकच दुसऱ्यांच्या बादल्यांकडे वळली. पाठीमागे आम्ही त्यांना निर्णयसिंधू म्हणतो आणि समोर काका म्हणतो. दोन्ही संबोधने त्यांना ठाऊक असून पहिल्याने ते अधिक सुखावतात, असा माझा वहीम आहे.

रात्री जिन्याखाली कोणी बेवारस पिशवी ठेवून गेले, म्हणजे काकांची सकाळ सार्थकी लागते. पिशवी ते एकदम उघडीत नाहीत. आधी बाह्य पाहणी, मग काडीने किंचित उचलून वजनाचा अदमास, मग गाठीची परीक्षा: गाठ दुहेरी असेल तर गुन्हा बुद्धिपुरस्सर, एकेरी असेल तर अनवधानाने घडलेला. त्यानंतर वर्तमानपत्राचे पान अंथरून त्यावर मुद्देमाल एकेक करून मांडला जातो. परवाच्या पिशवीत चहाचा चोथा, त्यात रुतलेली वेफर्सची पुडी, घड्याळातून काढलेले दोन सेल, रक्तदाबाच्या मुदत संपलेल्या गोळ्यांची पट्टी आणि कुरिअरचे एक पाकीट निघाले. पाकिटावरील नाव फाडून टाकण्याची दक्षता आरोपीने घेतली होती, परंतु सदनिकेचा क्रमांक खालच्या ओळीत राहून गेला होता. काका ती पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढले, घंटा वाजवली आणि दार उघडणाऱ्या गृहस्थांस अत्यंत मार्दवाने म्हणाले, “आपली ठेव खाली राहिली होती.”

“पाहुणे आले होते हो, काका.”

काकांच्या नोंदवहीत ‘पाहुणे’ असे स्वतंत्र सदर आहे. ते वाचले असता असे दिसते की आमच्या संस्थेतील दीडशे बिऱ्हाडांपैकी एकानेही आजवर कोणताच प्रमाद केलेला नाही. जे काही झाले ते नागपूर, इंदूर आणि मुख्यत्वे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या हातून झाले.

बटाट्याची साल ओल्यात आणि पुठ्ठा सुक्यात, एवढे कोणासही कळते. त्यासाठी पंडित लागत नाही. पंडिताची कसोटी लागते ती संकीर्ण प्रकरणात. चहाच्या पुरचुंडीचे उदाहरण घ्या. आतली पत्ती ओली, दोऱ्याला लटकणारी कागदी चिठ्ठी सुकी, आणि दोन्हींस सांधणारी इवलीशी तार ही धातू. काकांच्या मते हिचे विधिवत् विच्छेदन केल्याशिवाय विसर्जन करू नये, आणि ज्यास एवढा अवकाश नसेल त्याने भुकटीचा चहा प्यावा. तेलकट खोक्यात आलेल्या पिझ्झ्याविषयी त्यांचा निर्णय असा की झाकण स्वच्छ असल्यास ते फाडून सुक्यात घालावे आणि तुपट तळ ओल्यात; तेल प्यालेल्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही, हे त्यामागील कारण अगदी खरे आहे. देवाच्या हाराचा दोरा आणि त्यातली चमकी काढून उरलेली फुले तेवढी निर्माल्यकलशात जावीत. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहावे. घराघरांतल्या त्या ज्या दुसऱ्या वस्तू कागदात गुंडाळून, वर तांबडा ठिपका काढून वेगळ्या द्यावयाच्या असतात, त्यांच्याबद्दलची सूचना मात्र काकांनी ‘वैयक्तिक स्वरूपाचे साहित्य’ अशा संदिग्ध मथळ्याखाली इतक्या सोवळ्या भाषेत लिहिली की दुसऱ्या दिवशी चौघांनी आपल्या जुन्या डायऱ्या आणि एकाने घटस्फोटाचे कागद तांबडा ठिपका लावून खाली आणून ठेवले.

रंगांचा वाद तर अद्याप मिटलेला नाही. २००० च्या नियमांत ओल्यास हिरवा, पुनर्वापराच्या मालास पांढरा आणि उरलेल्यास काळा असे रंग नेमून दिले होते. २०१७ च्या पर्यावरणदिनापासून सरकारी मोहिमेने हिरव्याच्या शेजारी निळा आणून बसवला. पांढऱ्याचा निळा कोणत्या हुकमान्वये झाला, अशी पृच्छा करणारे अर्ज काकांनी ठिकठिकाणी गुदरले. खुलासा न आल्यामुळे आमचे सुक्याचे पिंप त्यांनी खालून पांढरे आणि वरून निळे रंगवून घेतले असून दोन्ही राजवटींशी इमान राखले आहे.

पुण्यात पाटी लिहिण्याची विद्या शिकवावी लागत नाही, आणि काकांनी तर या विषयात सूत्रवाङ्मयच निर्माण केले आहे. ‘सुका म्हणजे कोरडा. कोरडे म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नाही, त्यांनी स्वतःचा टॉवेल चाचपून पाहावा,’ ही पहिली पाटी. उद्वाहनाच्या दारावर ‘केस डोक्यावर शोभतात, खतात नव्हे’ अशी दुसरी आहे. ती खुद्द काकांच्या टकलास उद्देशून आहे की काय, असा प्रश्न कोणी खाली पेन्सिलीने लिहिला, तेव्हा काकांनी हस्ताक्षराची रुजवात घालण्यासाठी सर्व सभासदांच्या सभासदत्वाच्या अर्जांच्या नकला मागवल्या होत्या.

हा सारा शास्त्रार्थ चालू असताना ढकलगाडीच्या दांड्यावर कोपर टेकून ज्या बाई शांतपणे उभ्या असतात, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण या विषयातील खरा अधिकार त्यांचा. डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्यातील कचरावेचकांची जी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेशी करार होऊन दारोदार कचरा उचलण्याचे काम या बायकांकडे रीतसर आले. बिऱ्हाडामागे महिन्याची ठरीव रक्कम आणि सुक्या मालाची भंगारात येणारी किंमत, एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. म्हणजे आपण वरणाचे पातेले रद्दीवर उपडे केले, की नियम मोडतो तो दिल्लीत छापलेला, आणि खोट येते ती या बाईंच्या पदराला. काका कायद्याची कलमे सांगतात, तेव्हा दीडशे बिऱ्हाडे जांभया देतात. बाईंच्या पदराला येणाऱ्या खोटीचे हे एक वाक्य त्यांनी कधी पाटीवर लिहिले असते, तर निम्म्या पाट्या वाचल्या असत्या.

बाईंना कलमे ठाऊक नाहीत. प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी कोणता आकडा कोरलेला आहे, हे काका भिंग लावून वाचतात. बाई ते प्लास्टिक कानाजवळ नेऊन चुरगळतात. आवाजावरून त्यांना कळते की हे कोणत्या पोत्यात जाईल, आणि भाव येईल की नाही. वेफर्सच्या चकचकीत पुडीत प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकमेकांस असे चिकटलेले असतात की ते सोडवणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला तिला हात लावीत नाही. दुधाची पिशवी मात्र तो आनंदाने घेतो. काका त्या पिशव्या धुऊन, वाळवून, चौघडी घालून, दोऱ्याने बांधून देतात. बाईंनी एकदा ती दप्तरबंद चळत हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि म्हणाल्या, “काका, धुता ते लई चांगलं करता. पर घडी नका घालू. घडीत पानी ऱ्हातं.” पुढील आठवडाभर काकांची पाटी कोरी होती.

घरी काकांच्या मागील दाराच्या गॅलरीत डब्यांची अशी फलटण उभी आहे की काकूंना कपडे वाळत घालण्यासाठी दिवाणखान्याचा आश्रय घ्यावा लागतो. जावई सासुरवाडीस येतात, तेव्हा खाल्लेल्या गोळीचा कागद गुपचूप खिशात घालून आपल्या घरी नेतात, आणि नातवंडे केळे खाण्यापूर्वी आजोबा झोपले आहेत ना, याची खातरजमा करून घेतात. काकूंना या प्रकरणी विचारले, तर त्या एवढेच म्हणतात, “ऑफिसात होते तेव्हा बरं होतं.”

हा माणूस असह्य आहे, आणि त्याचे म्हणणे खरे आहे. एकाच देहात हे दोन्ही गुण नांदू लागले, म्हणजे शेजाऱ्यांची जी कुचंबणा होते ती सांगून कळणारी नव्हे. दिवसाला सरासरी शंभर किलोंपेक्षा अधिक कचरा करणाऱ्यास २०१६ च्या नियमांनी मोठा कचरा-उत्पादक ठरवले होते, आणि मोठ्या संस्थांनी ओल्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावावी, अशी अपेक्षा होती. आमच्या समितीने वजनासाठी आषाढी एकादशीचा दिवस मुक्रर केला. काकांनी मे महिन्यातला, घरोघरी आमरस झालेला रविवार सुचवला. साली आणि कोयी यांच्या बळावर शंभराचा आकडा सहज ओलांडला गेला असता, हे उघड होते. नियमात ‘सरासरी’ हा शब्द होता, तो काकांना ठाऊक नव्हता असे नव्हे. तो समितीच्या ध्यानात येतो की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. आला नाही. वजनच तहकूब झाले.

मग २०१७ चा उन्हाळा उजाडला. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे पुण्याचा कचरा आपल्या उशाला सोसला होता, विहिरी नासलेल्या पाहिल्या होत्या. एप्रिलमध्ये तिथल्या कचराडेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. कित्येक दिवस शहराच्या चौकाचौकांत ढीग साचले. विद्येच्या माहेरघराला नाकाला रुमाल लावून हिंडावे लागले. त्या दिवसांत काकांनी हट्टाने आवाराच्या कडेला विटांचे दोन खड्डे बांधून घेतले, आणि ज्या सभासदांनी ‘वास येईल’ म्हणून हरकत घेतली होती, तेच बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले. काका काडीने पाला-पाचोळ्याचे थर सारखे करीत होते. इतका सुखी माणूस मी पुण्यात क्वचितच पाहिला.

तूर्त संस्थेपुढे प्रश्न आहे तो करवंटीचा. आतले खोबरे ओले म्हणून ती ओल्यात जावी, तर ती खड्ड्यात महिनोन्महिने कुजत नाही आणि काकांच्या काडीला आडवी येते. सुक्यात घालावी, तर भंगारात तिला दमडी मिळत नाही. वार्षिक सभेत यावर काथ्याकूट होऊन निर्णय पुढील सभेवर ढकलण्यात आला, आणि तोवर करवंट्या वाहनतळाच्या कडेला रचून ठेवाव्यात असे ठरले. पावसाळा तोंडावर आला, करवंट्यांत पाणी साचून डास झाले तर महापालिकेची नोटीस येईल, ही नवी चिंता काकांना पोखरू लागली. एके सकाळी त्या राशीसमोर ते नोंदवही उघडून उभे असताना बाईंनी गाडी थांबवली.

“काका, द्या त्या पोत्यात भरून. आंघुळीचं पानी तापवाया ब्येस हायेत.”

काकांचा चेहरा उजळला आणि तत्काळ काळवंडला. नियम चार, पोटनियम दोन: कचरा जाळण्यास मनाई. तो त्यांनी अक्षरशः म्हणून दाखवला.

“कचरा जाळायला बंदी असंल,” पोते उघडून धरीत बाई म्हणाल्या. “ह्यो कुटं कचरा हाय? ह्ये जळन हाय.”

काकांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ विचार केला, मग नोंदवहीत एक नवे सदर आखले, त्यावर ‘जळण’ असे लिहिले, आणि मागील तारखेपासूनच्या सर्व करवंट्या त्या खात्यावर वर्ग करावयास घेतल्या.