बरं आहे, पण फार नाही

माद्रिदच्या कुठल्याही जुन्या वस्तीत सकाळी अकराच्या सुमारास कोपऱ्यावरच्या बारमध्ये शिरा, काउंटरच्या टोकाला हे गृहस्थ उभे असतात. उभेच. टेबलाशी बसणं हे त्यांच्या मते पर्यटकांचं काम. पुढ्यात 'कोर्तादो', म्हणजे घोटभर दूध घातलेली कडक कॉफी. कुणी "के ताल?", कसं काय, असं विचारलं, की एक खांदा किंचित वर जातो आणि उत्तर येतं, "तिरांदो." ओढतोय गाडा.

पेन्शन वेळेवर, रक्तदाब ताब्यात, मुलगी वालेन्सियात सुस्थळी पडलेली. तरी "मुई बिएन", म्हणजे अगदी उत्तम, हे शब्द त्यांच्या तोंडून निघायचे नाहीत. उत्तम म्हणावं तर समोरचा उसने मागणार. वाईट म्हणावं तर डॉक्टर सुचवणार. 'तिरांदो'वर कुणाला काही करता येत नाही.

मुळात उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. जिन्यात शेजारीण भेटली, की दोघं एकमेकांना "के ताल?" विचारतात आणि न थांबता आपापल्या वाटेला लागतात. रस्त्यात ओळखीचा दिसला तर थेट "आस्ता लुएगो", भेटू नंतर. भेट व्हायच्या आतच निरोप! एकदा इमारतीत नव्याने आलेल्या परदेशी विद्यार्थिनीने त्यांच्या "के ताल?"वर सर्दी, घरमालक आणि परीक्षा, असं सगळं क्रमवार सांगितलं. बिचारे लिफ्टचं दार धरून उभे. तेव्हापासून ते तिला नुसतं "बुएनास", म्हणजे 'शुभ', एवढंच म्हणतात; शुभ काय, ते सांगायचं नाही. हा शब्द फार सोयीचा. तिथली दुपार जेवणानंतर सुरू होते, आणि जेवण दोन-अडीचला. त्यामुळे दीडला सकाळ म्हणायची की दुपार, हा पेच त्यात आपोआप सुटतो.

कोस्टा रिकातले लोक कशालाही "पुरा बिदा", निखळ जगणं, म्हणतात, ते यांना जरा उतावळेपणाचं वाटतं. क्यूबातलं "एन ला लुचा", लढतोय, पटतं. पण त्यात मेहनत दिसते.

फक्त 22 डिसेंबरला, नाताळच्या लॉटरीच्या दिवशी, त्यांचं उत्तर बदलतं. 20 युरोचं तिकीट वाया गेलेलं असतं आणि सगळा स्पेन एकमेकांची समजूत घालत असतो. त्या दिवशी हेही छाती काढून सांगतात, "तब्येत आहे ना ठणठणीत, बस झालं!"

"मग काल गुडघा दुखतोय म्हणून स्टूल कुणी मागितलं होतं?" बारवाला विचारतो.